वाढलेले चुडे

कासाराच्या घरात एक शब्द उच्चारला जात नाही. बांगडी हातून निसटून फरशीवर पडली, तिचे तुकडे पलंगाखाली गेले, कोणाच्या पायात रुतले, तरीही त्या घटनेस आम्ही 'बांगडी वाढली' असेच म्हणतो. दुसरा जो शब्द आहे तो मडक्यास चालतो, नारळास चालत नाही, आणि बांगडीस तर मुळीच नाही. दिवासुद्धा आम्ही विझवीत नाही, तो वाढवितो. रात्री दुकान बंद करीत नाही, ते वाढवितो. एखादी नवखी बाई गल्ल्यासमोर बसून सहज तो शब्द बोलून गेली, तर माझे थोरले चुलते तिच्या हातात एक बांगडी फुकट भरीत आणि मगच पुढचे बोलत. शब्दाचा दोष तेथल्या तेथे उतरावा, हा त्यामागील हेतू.

हे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, पुढे जे घडले ते समजण्यास कासारकीचे एवढे ज्ञान पुरेसे आहे. बाकी सर्व विज्ञान आहे, आणि ते मला जसे उमगले तसे मी यथाशक्ती मांडीन.

माझे नाव नंदकुमार तिवाटणे. बार्शीच्या बाजारपेठेत आमचे चुड्यांचे दुकान आहे. ज्या काळातील ही हकीकत आहे, त्या काळात आपल्याकडील काचेच्या भट्ट्या इंधन परवडेनासे झाल्यामुळे एकामागून एक थंड पडल्या होत्या आणि बाजारात राळेच्या बांगड्यांचा सुळसुळाट झाला होता. राळेची बांगडी दिसण्यास सुबक असते. परंतु तिला कंठ नसतो. "नवी सून घरात वावरते आहे हे माजघरात ऐकू येत नसेल, तर हातात चुडा घातला काय आणि दोरा बांधला काय," असे माझी पत्नी शैला म्हणे. ती दुकानात माझ्यासमवेत बसते, आणि नवरीच्या हातात चुडा माझ्यापेक्षा हळुवार भरते, हेही येथे नमूद करतो.

खऱ्या काचेचा हिरवा चुडा शोधता शोधता मला ओरवान देशातील नुरेलाताई सापडल्या.

ओरवान हा डोंगराळ, वृक्षहीन देश. तेथील एका नदीच्या वाळूत निसर्गतःच असा काही अंश आहे की, ती वितळविली असता वरून कोणताही रंग न घालता हिरवीगार काच तयार होते. नुरेलाताईंच्या आजोबांनी त्या नदीकाठी भट्टी पेटविली होती. तेव्हापासून ती एकदाही निवली नव्हती. काचेच्या भट्टीचे हेच मर्म आहे. ज्या मातीच्या भल्यामोठ्या भांड्यात काच वितळलेली असते, त्यास मूस म्हणतात. आग गेली की काच मुशीतच गोठते, गोठताना आक्रसते आणि आपल्याबरोबर मुशीलाही चिरून टाकते. मग भट्टी पुन्हा पेटवून उपयोग नसतो. नुरेलाताईंकडील मूस ज्या मातीची होती, तो डोंगर खाणवाल्यांनी केव्हाच खाऊन टाकला होता. थोडक्यात, ती आग हीच त्यांची सर्व वंशपरंपरा होती.

साठी उलटलेली ती बाई. रुंद चेहरा, आणि भुवया नाहीतच. त्या झळीने लहानपणीच गेल्या होत्या. आमचे बोलणे 'दुभाषी' नामक यंत्रातून चाले. मी मराठीत बोलावे, त्यांनी त्यांच्या भाषेत, आणि मधल्या यंत्राने दोघांनाही आपापल्या भाषेत ऐकवावे. ओरवानशी व्यापार करणाऱ्याने सरकारमान्य लाइनीवरूनच बोलले पाहिजे आणि त्या लाइनीवरील प्रत्येक शब्द व्यवहाराच्या नोंदीत जमा होईल, असा दोन्ही सरकारांचा दंडक होता. आम्हांस लपविण्यासारखे काहीच नसल्याने त्याचे आम्हांस काही वाटले नाही.

पहिल्या संभाषणाच्या शेवटी मी सवयीने म्हणालो, "बरं ताई, येतो."

पुढील आठवड्यात त्या पडद्यावर आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच.

"तू आला नाहीस."

"कुठं आलो नाही?"

"येतो म्हणालास. मी मेंढी कापली. शेजारच्यांना जेवायला बोलावलं. सगळे वाट बघत बसले."

मी गोंधळून गेलो. मागून शैला पदर तोंडाला लावून हसू लागली. मी समजाविले, "ताई, आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जाणारा परत यावा म्हणून 'येतो' म्हणायचं."

त्यांनी विचार केला. "म्हणजे तुम्ही लोक खोटं बोलता."

"खोटं कसलं वो?" शैला पुढे सरसावली. "चांगलं तेवढं बोलायचं, बाकीचं देवाला ठाऊक असतंच की."

दुभाष्याने ते कसे सांगितले कोण जाणे. परंतु नुरेलाताई मोठ्याने हसल्या. "मग मेंढीचे पैसे बिलात लावू का?"

त्यानंतर हा आमचा परिपाठच झाला. मी म्हणावे, "येतो, ताई." त्यांनी म्हणावे, "ये. मेंढी बांधून ठेवते."

आता चलनाविषयी.

ओरवानचे चलन दोराक. ते त्या देशाबाहेर कोठे मिळत नाही व तेथून बाहेर जातही नाही. पूर्वी एकदा परकीय सट्टेबाजांनी तो देश चलनाच्या मार्गाने इतका नागविला होता की, तेथील लोकांना पोतेभर नोटा देऊन पोतेभर पीठ मिळेना. तेव्हापासून त्या सरकारने हे बंधन घातले. मी येथे रुपये भरावयाचे; तेथील तिजोरीने तितके दोराक नव्याने घडवावयाचे; आणि घडविताना त्यांच्या पोटात त्यांचा हेतू घालून ठेवावयाचा. आपल्या नोटेस आपण कोठे चाललो आहोत हे ठाऊक नसते. ती गुत्त्यातही जाते आणि देवापुढच्या ताटातही पडते. दोराकास ते ठाऊक असते. 'काच' या हेतूने घडलेला दोराक वाळू आणि भट्टीचे इंधन याखेरीज कशालाही लागू पडत नाही; त्याने भाकरी घेऊ गेल्यास तो जागचा हलत नाही. भाकरीचे दोराक वेगळे, औषधाचे वेगळे. मुदतीत खर्च न झाल्यास ते विरून पुन्हा तिजोरीत जातात. ओरवानमधील इंधनकचेरी भट्टीसाठी फक्त 'काच' हेतूचेच दोराक स्वीकारते, आणि तेही आगाऊ.

परंतु हेतू खरा आहे हे कोणी ठरवावयाचे? त्यासाठी हेतुमापी.

आमच्या बँकेच्या बार्शी शाखेत एक लहानशी काचबंद खोली होती, तीत हे यंत्र बसविलेले होते. त्यामागील शास्त्र असे की, मनुष्य जेव्हा मनातले बोलतो, तेव्हा शब्द सरळ ओठांवर येतो. खोटे बोलताना मात्र आधी खरा शब्द उगवतो, तो दाबावा लागतो, आणि मग दुसरा पुढे करावा लागतो. या दाबण्यात निमिषाचाही अंश जात नाही; परंतु श्वास तेवढ्यात अडखळतो आणि कंठातील पडदे ताणले जातात. आपल्या कानास ते कळत नाही, हेतुमापीस कळते. पुरवठादाराने आपल्या भट्टीविषयी मान्य लाइनीवर केलेले निवेदनही हेच यंत्र तपासीत असे. बँकेतील विधान मातृभाषेतच करावे अशी अट होती. परभाषेत मनुष्य सगळेच शब्द चाचपडत बोलतो, त्यामुळे खरे आणि खोटे दोन्ही सारखेच अडखळतात.

मला ही योजना मनापासून आवडली होती. मजसारख्या, नववीतून शाळा सुटलेल्या माणसास कागदपत्रे नकोत, वकील नको. खरे बोलले की झाले. यापरता न्याय तो कोणता, असे मी चारचौघांत बोलून दाखवीत असे.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पहिला मोठा माल आला. निम्मे पैसे आधी गेले होते. उरलेले निम्मे, माल मिळाल्याचे विधान मी केल्यावर मुक्त व्हावयाचे होते, आणि त्यांतून नुरेलाताई हिवाळ्याचे इंधन भरणार होत्या. पेट्या उघडल्या तो दुकानात हिरवा उजेड पडला. शैलाने आधी आपल्याच हातात चुडा भरून घेतला आणि हात हलवून पाहिला. "ऐका," ती म्हणाली. मी ऐकले. एका पेटीतले काही चुडे वाटेत धक्क्याने गेले होते. तेवढे चालावयाचेच.

मी बँकेत गेलो. खोलीत बसलो. यंत्राने अत्यंत आदबीने विचारले, "माल मिळाला का? त्यात काही कमी-जास्त आढळले का?"

मी म्हणालो, "मिळाला. फार सुंदर माल आहे. थोडे चुडे वाटेत वाढले, पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

यंत्र क्षणभर थांबले. "आपले विधान पूर्णतः सत्य आहे. आभारी आहोत."

मी पेढे घेऊन घरी आलो.

संध्याकाळी संदेश आला. बिलात दाखविलेल्या मालापेक्षा अधिक माल मिळाल्याचे ग्राहकाने सत्य विधान केले आहे. बिलाबाहेर मूल्य देशाबाहेर पाठविणे हा ओरवानच्या चलन कायद्यानुसार अपराध आहे. सबब उर्वरित देयक थिजविण्यात येत आहे.

मी तो तीनदा वाचला. मग शैलास वाचून दाखविला. तिने फोन माझ्या हातून घेऊन स्वतः वाचला.

"वाढले म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

मी तरी दुसरे काय म्हणणार होतो, हे तिलाही दिसत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाखाधिकारी निंबर्गी मॅडमांसमोर बसलो. मुलगी तरुण, चुणचुणीत, सोलापूरची. तिने सर्व ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला.

"अहो नंदूशेठ, मला कळतंय. माझी आजी पण असंच म्हणायची. वाढली म्हणजे..." ती मजकडे पाहून थबकली. "म्हणजे ते."

"मग तुम्ही लिहा ना त्यांना."

"माझ्या लिहिण्यानं काय होणार? माणसानं लिहिलेलं तिकडं कुणी बघतच नाही. यंत्र म्हणतंय तुमचं बोलणं शंभर टक्के खरं."

"खरंच आहे ते!"

"तीच तर पंचाईत आहे."

तिने समजाविले ते असे. यंत्र मराठी शिकले ते छापील मजकुरावरून: वर्तमानपत्रे, शासकीय परिपत्रके, भाषणे. तेथे भाव वाढतात, धरणातले पाणी वाढते, लोकसंख्या वाढते. वाढणे म्हणजे अधिक होणे, यापलीकडे त्यास काही ठाऊक नाही. आमच्या गल्ल्यावरचे बोलणे कधी छापलेच गेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या बायका आमच्यासमोर हात पुढे करून बसल्या, सुखदुःखाचे बोलल्या आणि उठून गेल्या. त्यातले एक अक्षर कोणी टिपून ठेवले नाही.

"उपाय एकच," निंबर्गी मॅडम म्हणाल्या. "दुरुस्तीचं विधान करा. सरळ सांगा, अमुक इतके चुडे फुटले. दोनच संधी असतात. त्यात यंत्राला पटलं पाहिजे."

तो शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की, शैलाचा हात नकळत आपल्या मनगटाकडे गेला.

मी खोलीत गेलो. यंत्राने विचारले, "पूर्वीच्या विधानात काय दुरुस्ती करावयाची आहे?"

मी मनाची तयारी केली होती. एवढासा शब्द, तीन अक्षरांचा ऐवज. परंतु तोंड उघडताच माझ्या डोळ्यांपुढे आमचे मागील दार उभे राहिले. मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांना पुढच्या अंगणात ठेवले होते, आणि चार बायका आईला धरून मागच्या दारी घेऊन गेल्या होत्या. मग दगडावर काच आपटल्याचा आवाज आला, आणि कोणी म्हातारी म्हणाली, "सगळ्या फुटल्या का बघा." आमच्या घरात तो शब्द तेव्हाच एकदा बोलला गेला. त्यानंतर आई कधी दुकानात बसली नाही.

"चुडे," मी म्हणालो. "चुडे... फु..." आणि पुढे जो आवाज आला तो माझा मलाच ओळखता आला नाही.

"विधान असत्य," यंत्र म्हणाले. "वक्ता खरा शब्द दाबून दुसरा उच्चारीत असल्याचे आढळले."

याविषयी मजपाशी तक्रार करण्यासारखे काही नाही. यंत्राने जे मोजले ते अगदी अचूक होते. मी खरोखरच एक शब्द दाबीत होतो.

त्या रात्री नुरेलाताईंना सर्व सांगितले. त्यांच्यामागे भट्टीचे तोंड लाल दिसत होते, पण नेहमीसारखे पांढरटलाल नव्हे. त्यांनी आग मंद ठेवली होती. शिल्लक इंधन पुरवून पुरवून वापरीत होत्या.

"वा-ढ-ली," त्यांनी दुभाष्याला बाजूला ठेवून, स्वतःच्या तोंडाने उच्चारून पाहिले. "आणि याचा खरा अर्थ मोडली."

"मोडली असं नाही, ताई. म्हणजे... तसं म्हणायचं नाही म्हणून."

"कळलं. जसं तू येतो म्हणतोस आणि येत नाहीस."

मी मान खाली घातली.

"अरे, चिडवते आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही मुशीजवळ थंडीचं नावसुद्धा काढत नाही. मी समजते. पण नंदू, लवकर कर."

"दुसरं कुणी इंधन घेऊन देणार नाही का? शेजारी? गावातले?"

त्यांनी पडदा फिरविला. मी पाहिले ते अजून विसरलेलो नाही. भट्टीच्या पडवीत अर्धे गाव उभे होते. प्रत्येकापाशी पैसे होते. एका म्हाताऱ्याने आपले औषधाचे दोराक पुढे केले होते. एका बाईने मुलीच्या लग्नाचे. ते सगळे मिळून आग महिनाभर सहज चालली असती. परंतु औषधाचे दोराक औषधाकडेच जातात. माणसे देण्यास तयार होती. पैसाच जावयास तयार नव्हता. पोरे गोठ्यातल्या गव्हाणी, खाटेचे पाय, जुनी दारे आणून टाकीत होती. त्या आगीवर भाकरी भाजली असती. काच वितळणार नव्हती.

"येतो, ताई," मी म्हणालो.

"ये," त्या म्हणाल्या. "मेंढी आहे अजून. तिचं कुंपण तेवढं जाळलं."

मग मी तालीम सुरू केली. दुकान वाढवून झाल्यावर शैला मला समोर बसवी.

"म्हणा. फुटली."

"तू म्हणू नको गं."

"का? मला काय होतंय? ही बघा, धडधाकट बसलीय तुमच्यापुढं. म्हणा की."

"फुटली."

"असं नव्हं. देवळात कीर्तन ऐकून आल्यासारखं म्हणताय. सहज म्हणा. मी अंडं फोडते तवा कसं म्हणता?"

"मी अंडं खातच नाही."

"ते बी खरंच," ती म्हणाली आणि आम्ही दोघे हसलो. त्या दिवसांत हसलो ते तेवढेच.

परंतु निंबर्गी मॅडमांनी सावध केले की, घोटून पाठ केलेले वाक्यही यंत्रास कळते. त्यालाही ते असत्यच समजते. मनुष्याने न ठरविता, आतून आलेला शब्दच काय तो खरा. मग शब्द आतून यावा कसा? यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. निदान मला तरी तसे वाटत होते. शैलाने काय ठरविले होते ते तिने मला सांगितले नाही.

दुसऱ्या विधानाच्या दिवशी ती माझ्याबरोबर बँकेत आली. ओरवानहून आलेला चुडा तिच्या हातात होता. मी खोलीत बसलो. यंत्राने प्रश्न विचारला. "ही अंतिम संधी आहे," असेही ते म्हणाले. इतक्यात खोलीचे दार ढकलून शैला आत आली. तिने काही न बोलता माझ्याकडे एकदा पाहिले, हात उचलला आणि मेजाच्या लोखंडी कडेवर मनगट दाणकन आपटले.

हिरवी काच चहूकडे उडाली. तिच्या मनगटातून रक्ताची धार लागली. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिचे ओठ त्या शब्दाच्या आकारात, मला आठवण करून देण्यासाठी, हलत होते. बोला. आता बोला. समोर दिसतंय ते बोला.

आणि न ठरविता, न दाबता, अगदी आतून, माझ्या तोंडून आले, "अगं, वाढली! वाढली की गं बांगडी!"

"विधान पूर्णतः सत्य," यंत्र म्हणाले. "मालात वाढ झाल्याची ग्राहकाने पुनश्च पुष्टी केली आहे. यापुढे दुरुस्ती स्वीकारली जाणार नाही. आभारी आहोत."

शैला खाली बसली. मी रुमालाने तिचा हात बांधू लागलो. निंबर्गी मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्यांनाही करण्यासारखे काही नव्हते.

"तुम्ही मुद्दाम केलंत?" शैला हळूच म्हणाली.

"नाही गं."

"तेच म्हणते मी. मुद्दाम तरी काही करायचं होतंत."

त्यानंतर मी जे जे केले त्याची जंत्री देऊन वाचकांस शिणवीत नाही. अर्ज केले, मुंबईस जाऊन आलो, भाषेच्या प्राध्यापकांचे पत्र आणले. त्यांनी मोठ्या मायेने लिहिले होते की, हा अभद्र टाळणारा शब्दप्रयोग असून अर्थ उलट घ्यावा. सर्व कागद चौकशी समितीकडे गेले. समिती माणसांची होती; परंतु यंत्राने पूर्णतः सत्य ठरविलेले विधान खोडण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि हे तिनेच मला अतिशय नम्रपणे कळविले. माझ्या घरात रुपये होते, पण जुना व्यवहार थिजलेला असता नवा करता येत नव्हता. नुरेलाताईंच्या गावात दोराक होते. मध्ये केवळ एक शब्द आडवा पडला होता, आणि तो माझा होता.

एके पहाटे मान्य लाइनीवर त्यांचा फोन आला. मी उठून बसलो, शैलाही उठली. पडद्यावर नुरेलाताईंचा चेहरा होता, आणि त्यांच्या मागे प्रथमच अंधार होता. आजवर त्यांचा चेहरा मी त्या लाल उजेडातच पाहिला होता. उजेडावाचून त्या फार वृद्ध दिसल्या.

शैलाने माझ्यामागून पडद्याकडे डोकावले.

"मुशीचा आवाज झाला," त्या म्हणाल्या. "मधोमध. बंदुकीसारखा. माझी नात घाबरून रडायला लागली."

"ताई..."

"सगळे मला विचारतात काय झालं. आमच्या भाषेत याला एकच शब्द आहे. तो मला तोंडातून काढवत नाही. आजोबांची आग आहे ती." त्या थांबल्या. "नंदू, तुझा तो शब्द मला उसना देतोस का?"

शैला माझ्या खांद्यावरून पुढे वाकली आणि म्हणाली, "घ्या ना, ताई. तुमचाच आहे."

नुरेलाताईंनी दुभाषी बाजूला सारला. मग पडवीतल्या अंधाराकडे तोंड करून, प्रत्येक अक्षर सांभाळीत, आमच्या मराठीत त्या म्हणाल्या, "भट्टी वाढली."

एखादी कासारीण म्हणाली असती, तसेच म्हणाल्या. त्यांच्या कंठात यत्किंचितही अडखळ नव्हती.

थोड्या वेळाने माझ्या फोनवर संदेश उमटला. त्याच वेळी त्यांच्याकडेही उमटला असावा, कारण त्या खाली पाहू लागल्या.

पुरवठादाराची भट्टी वाढल्याचे निवेदन मान्य लाइनीवर नोंदले गेले असून, परभाषेत असूनही त्यात अडखळ न आढळल्याने ते पूर्णतः सत्य ठरले आहे. भट्टी वाढल्यामुळेच माल वाढला, असा अधिक मालाचा समाधानकारक उलगडा झाला आहे. थिजविलेले देयक मुक्त करण्यात येत आहे. पुरवठादाराचे अभिनंदन.

"पैसे आले," नुरेलाताई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला. "काचेचे आहेत."

अंधारातून कोणीतरी त्यांना काही विचारले. त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटले. भाकरीचे नाहीत, औषधाचे नाहीत. वाळूचे आणि इंधनाचे आहेत. मुदतीपर्यंत तेथे राहतील आणि मग विरून जातील. मजपाशी होते ते एकच वाक्य, आणि तेही दर वेळचे.

"येतो, ताई," मी म्हणालो.

त्यांनी त्या भुवया नसलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"ये," त्या म्हणाल्या.

मेंढीविषयी त्या काही बोलल्या नाहीत.